पंचावन्न मिलिमीटर

निकॉनच्या पी९५० या ब्रिज कॅमेऱ्याचं (लांब झूमची लेन्स कायमची जडलेली, बदलता न येणारी) वजन बॅटरी-कार्डासकट १००५ ग्रॅम. कॅननची आर५० ही छोटी मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारी, बॉडी ३७५ ग्रॅम आणि पक्ष्यांसाठी तिच्यावर लावायची १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स ६३५ ग्रॅम. बेरीज १०१०. "ब्रिज कॅमेरा म्हणजे गळ्यात धोंडा, त्यापेक्षा छोटा मिररलेस घ्या" असं, पक्ष्यांच्या फोटोंसाठी कॅमेरा घ्यायचाय म्हटल्यावर, मला जो तो सांगत होता. दोन बेरजा शेजारी शेजारी लिहिल्या आणि फरक निघाला पाच ग्रॅमचा. तेव्हा ठरवलं की आता लोकांचं ऐकणं पुरे, वही काढायची.

मी नाशिकची. कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. पक्षी बघण्याचा नाद जुना आहे, तोही पाणपक्ष्यांचा, कारण नांदूर मधमेश्वर घरापासून गाडीने दीड तासावर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथलं हे पाणथळ. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेल्याचं २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण. हिवाळ्यात तिथे तलवार बदकं, चक्रवाक, क्रौंच आणि चिखलात पळापळ करणारे नाना तऱ्हेचे तुतवार नि चिखले येतात. माझ्याकडे ८×४२ ची दुर्बीण आहे आणि ती मला पुरते. पुरत नाही ती आठवण. "हिरवा तुतवार पाहिला" असं यादीत लिहिलं की आमच्या ग्रुपमधले एक काका हटकून विचारतात, "मॅडम, नक्की हिरवा? ठिपकेवाला नव्हता?"

प्रश्न रास्त असतो. ठिपकेवाल्या तुतवाराची पांढरी भुवई डोळ्याच्या मागे लांबवर जाते, हिरव्याची डोळ्यापाशीच संपते. पाठीचे ठिपके, पायांचा रंग हेही असतं, पण भुवई सगळ्यात भरवशाची. पक्षी वीतभर, भुवई असेल दोनेक मिलिमीटर रुंद. चापडगावच्या मनोऱ्यावरून चिखलाचा काठ शंभर मीटर लांब. (हे अंतर मी फोनच्या नकाशावर मोजून घेतलं.) तेव्हा मला कॅमेरा कशासाठी हवा हे एका ओळीत सांगता येत होतं: शंभर मीटरवरची दोन मिलिमीटरची भुवई दिसली पाहिजे.

हे इतकं स्पष्ट असूनही पहिले काही आठवडे सल्ल्यांतच गेले. माझा एक विद्यार्थी लग्नाचे फोटो काढतो, चांगलं चालतं त्याचं. तो म्हणाला, "मॅडम, ब्रिजचा सेन्सर नखाएवढा असतो. बॉडी घ्या, लेन्स हळूहळू जमवा. सिस्टिममध्ये या." काका पी९०० वाले. २०१५ च्या त्या मॉडेलवर त्यांचा इतका जीव की नंतरच्या पी९५० मध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळते हे सांगितलं तरी "मला काय करायचंय रॉचं?" म्हणाले. पुण्याहून मुलीचा फोन आला. "आई, तू फक्त पक्ष्यांचेच फोटो काढणार का? बाळाचे कोण काढणार?" तिघांचं तीन तऱ्हेने बरोबर होतं आणि तिघंही वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होते.

विद्यार्थ्याचं म्हणणं आधी घेते, कारण त्यात वजन होतं. पी९५० चा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. आर५० चा २२.३ बाय १४.९, म्हणजे ३३० च्या वर. जवळजवळ बारापट. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश, म्हणून नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) कमी, हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. फक्त त्यात एक अट गृहीत धरलेली असते, ती कुणी बोलून दाखवत नाही: दोन्ही कॅमेऱ्यांत तोच पक्षी तेवढीच चौकट भरत असला पाहिजे. शंभर मीटरवरचा तुतवार आर५० च्या चौकटीत कोपऱ्यातला ठिपका असतो. ४०० मिलिमीटरवर त्या अंतरावरची साडेपाच मीटर रुंद जागा चौकटीत येते आणि त्यात वीस सेंटिमीटरचा पक्षी. म्हणजे फोटो घरी आणून कापायचा. कापलं की बारापट मोठ्या सेन्सरचा जो भाग उरतो तो नखाएवढाच.

मग दोन्हींची तुलना कशाने करायची? इथे मी पाटीवर शेकडो वेळा काढलेली आकृती पुन्हा काढली. लांबच्या पक्ष्यावरून निघालेला प्रकाश कॅमेऱ्यात किती शिरतो, हे सेन्सर ठरवत नाही, भिंगाचं तोंड ठरवतं. आणि तोंडाचा व्यास काढायला काही लागत नाही. खरी फोकल लेंग्थ (झूम जितका लांब तितकी ती मोठी) भागिले एफ नंबर. पी९५० च्या जाहिरातीतला "२००० मिलिमीटर" हा आकडा ३५ मिलिमीटर फिल्मच्या भाषेत सांगितलेला असतो. पी९५० ची खरी फोकल लेंग्थ पूर्ण झूमवर ३५७ मिलिमीटर आहे आणि तिथे एफ ६.५. भागाकार केला, ५५ मिलिमीटर.

आर५० वरची १००-४०० लेन्स पूर्ण झूमवर एफ ८. ४०० भागिले ८, ५० मिलिमीटर.

मी पुन्हा भागाकार केला. मग सोनीचा आरएक्स१० मार्क फोर घेतला, जो एक इंच सेन्सरचा ब्रिज कॅमेरा म्हणून नावाजलेला आहे. २२० मिलिमीटर, एफ ४. पुन्हा ५५. तीन वेगवेगळ्या कंपन्या, सेन्सर तीन आकारांचे, आणि तोंडं जवळपास सारखी! वजनंही सारखी यावीत यात मग नवल उरत नाही. एवढ्या काचेला आणि तिला पुढेमागे सरकवणाऱ्या यंत्रणेला साधारण किलोभर लागतं, मागे सेन्सर कुठलाही असो. आरएक्स१० मार्क फोर १०९५ ग्रॅम. निकॉनचाच पी१००० पाहिला, १२५ पट झूमवाला: ५३९ मिलिमीटर, एफ ८, म्हणजे ६७ मिलिमीटरचं तोंड. आणि वजन १४१५ ग्रॅम. दुकानात हातात घेतला आणि ठेवून दिला. माझा उजवा खांदा आधीच फ्रोझन शोल्डरमधून गेलेला आहे.

या हिशोबातून सगळ्यात उपयोगी काय हाती लागलं असेल तर ते दोन लेन्सच्या किटबद्दल. छोटा मिररलेस घ्यायला जा, दुकानदार हमखास "डबल झूम किट" पुढे करतो: एक १८-४५, एक ५५-२१०, वर बॅग आणि कार्ड. ती ५५-२१० खरोखर छोटी आहे, २७० ग्रॅम. बॉडीसकट साडेसहाशे ग्रॅमच्या आत. "छोटा कॅमेरा" म्हणतात तो हाच. पण २१० मिलिमीटरला एफ ७.१, म्हणजे तोंड ३० मिलिमीटरचं. ५५ च्या तुलनेत क्षेत्रफळ एक तृतीयांशाहून कमी. मोठा सेन्सर आहे म्हणून हे किट घ्यायचं आणि नांदूरला जायचं, म्हणजे काकांच्या जुन्या पी९०० पुढे लांबच्या पक्ष्याच्या बाबतीत हरायचं. छोटेपणा हवा असेल तर लांब पल्ला सोडावा लागतो. हा नियम कंपनीच्या हातात नाही, प्रकाशाच्या हातात आहे.

बारकावा दिसण्याचंही तसंच. विवर्तनामुळे, म्हणजे तोंडातून शिरताना प्रकाश थोडा पसरतो त्यामुळे, कुठल्याही भिंगाला एक मर्यादा असते. बारावीत रेलेचा निकष म्हणून शिकवतो तीच. ५५ मिलिमीटरच्या तोंडाला शंभर मीटरवर सुमारे १.२ मिलिमीटरच्या आतलं वेगळं दाखवता येत नाही, ५० च्या तोंडाला १.३ च्या आतलं. म्हणजे दोन मिलिमीटरची भुवई दोघांच्याही आवाक्यात, पण अगदी काठावर. पुढे पिक्सेल येतात. पी९५० मध्ये त्या अंतरावर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.३८ मिलिमीटर येतं, आर५० मध्ये ०.९३. भुवईवर निकॉनचे पाच पिक्सेल पडतात, कॅननचे दोन. निकॉनच्या १६ मेगापिक्सेलपैकी निम्म्याहून जास्त पूर्ण झूमवर नुसती धूसरपणाची उजळणी करतात, हे खरं. पण कॅननचे दोन पिक्सेल भुवईच्या कामी अपुरे पडतात, हेही खरं.

वहीत निकॉन थोडा पुढे होता. वहीवर कॅमेरा घेऊ नये एवढं मला कळतं, म्हणून दोन्ही घेऊन जायचं ठरवलं. पी९५० ग्रुपमधल्या एका बाईंकडे होता, त्यांनी आनंदाने दिला. आर५० आणि १००-४०० भाड्याने घेतले. नाशकात, पुण्यात लग्नाच्या फोटोवाल्यांसाठी अशी भाड्याची दुकानं असतात. आधारची प्रत, अनामत रक्कम आणि काचेवर ओरखडा आला तर काय, याचा एक कागद. अनामत ऐकून मी क्षणभर थबकले, पण पूर्ण कॅमेरा चुकीचा घेण्यापेक्षा दोन दिवसांचं भाडं स्वस्त.

निफाडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा नि कांद्याची शेतं, पहाटेचं धुकं आणि ट्रॅक्टरने उडवलेली धूळ. विद्यार्थ्याने "लेन्स बदलता येते" हे कौतुकाने सांगितलं होतं. त्या धुळीत सेन्सर उघडा करून लेन्स बदलायची माझी तरी हिंमत नव्हती, आणि १००-४०० शिवाय दुसरं तिथे लागणारही नव्हतं. उलट बाजूही सांगायला हवी: ब्रिज कॅमेऱ्याचा झूम पुढेमागे होताना हवा ओढतो, तिच्याबरोबर धूळ आत जाते आणि ती गेली की घरी फुंकून काढता येत नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. दोघांपैकी एकही धूळ-पाण्यापासून बंदिस्त नाही. दोघांनाही मी जुनी उशीची खोळ घालून नेलं.

सूर्य नुकताच वर आलेला. मनोऱ्यावर कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवली आणि दोन्ही कॅमेरे पाळीपाळीने तिच्यावर टेकवले. पक्षी लगेच मिळाला. काठाशी एकटाच, शेपूट वरखाली करत.

आर५० ने तो पाहताक्षणी पकडला. या बॉडीला पक्षी ओळखता येतो. चौकटीत पक्षी आला की डोळ्याभोवती छोटा चौकोन येऊन बसतो आणि आपण फक्त बटण दाबायचं. पी९५० मध्ये आधी पक्षी सापडायला हवा. २००० वर शंभर मीटरवरची पावणेदोन मीटरची पट्टी फक्त दिसते. हात जरा हलला की चौकटीत नुसता चिखल. त्यासाठी लेन्सच्या बाजूला एक बटण दिलं आहे, दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी मध्ये घ्यायचा, सोडलं की पुन्हा पुढे जातो. पहिल्या तासात मला ते जमेना. दुसऱ्या तासात बोट आपोआप तिथे जाऊ लागलं. हातकंप थोपवणारी यंत्रणा दोघांची चांगली. दोन्ही कंपन्या साडेपाच स्टॉपचा दावा करतात (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं) आणि कठड्यावर टेकवून १/२५० सेकंदाला दोघांकडूनही धारदार फोटो आले.

घरी संगणकावर दोन्ही रॉ फाइली उघडल्या. कॅननचा फोटो मोठा करून पक्षी निकॉनएवढा केला. पाहिलं तर नॉइज दोघांतही होता. निकॉन ८०० आयएसओला (प्रकाश-संवेदनेचा आकडा, वाढवला की नॉइजही वाढतो), कॅनन १२५० ला, आणि तेवढं मोठं केल्यावर दोघांत फारसं डावं-उजवं राहिलं नव्हतं. कॅननचा जरा स्वच्छ, पण मऊ. निकॉनचा खरबरीत, पण भुवई डोळ्यापाशी संपलेली स्पष्ट दिसत होती. कॅननच्या फोटोत ती "संपली असावी" असं म्हणता आलं असतं. काका "असावी" चालवून घेत नाहीत. पक्षी हिरवा तुतवार होता.

एवढ्यावर निर्णय झाला असता, पण त्याच सकाळी इतर गोष्टीही घडल्या. पाण्यावरून नदी सुरय फिरत होते. सुरय हवेत वळतो, थबकतो, सूर मारतो. आर५० त्याच्या मागे लागला तो सोडेचना. सेकंदाला बारा फोटो आणि त्यातले बरेचसे बरोबर. पी९५० ला उडता पक्षी म्हणजे शिक्षाच. त्याचा फोकस कॉन्ट्रास्ट पाहून पुढेमागे शोधत बसतो; तोवर सुरय चौकटीतून गेलेला असतो. दहा फोटोंची एक फैर झाडली की कॅमेरा आधी ते साठवतो, नंतर आपलं ऐकतो. गवतावरून एक दलदली भोवत्या संथ उडत गेला, इतका संथ की मलाही वाटलं हा जमेल. एकही जमला नाही. आर५० वर तोच भोवत्या पंखांच्या पिसांसकट आला. मनोऱ्याच्या पायथ्याशी तारेवर बसलेला खंड्या दहा-बारा मीटरवर होता. तिथे कापायची गरजच नव्हती, चौकटीतला मोठा भाग पक्ष्याने भरलेला. मग मोठ्या सेन्सरने दाखवायचं ते दाखवलं. निळ्यातल्या छटा, मागचं हिरवं विरघळलेलं. त्या फोटोपुढे पी९५० चा खंड्या शाळेच्या तक्त्यातल्यासारखा दिसत होता.

दहा वाजल्यानंतर दोघंही सारखेच निरुपयोगी झाले. ऊन चढलं, चिखल तापला, त्यावरची हवा थरथरू लागली. गरम आणि गार हवेचा अपवर्तनांक वेगळा, त्या थरांतून येणारा प्रकाश वाकडातिकडा येतो. ५५ मिलिमीटर काय नि दोनशे काय. २००० मिलिमीटरच्या झूमची जाहिरात करताना हे कुणी छापत नाही. भारतातल्या उन्हात लांबचा फोटो हा सकाळचा उद्योग आहे. दहानंतर चहा प्यावा.

आता राहिला मुलीचा प्रश्न, बाळाचा. तो मी टाळला नाही. घरात संध्याकाळी दिव्याच्या उजेडात झूम पूर्ण मागे घेतला, तर पी९५० ची खरी फोकल लेंग्थ ४.३ मिलिमीटर आणि एफ २.८. तोंड दीड मिलिमीटर! पुढे दिसणारी ती भली मोठी काच त्या वेळी नुसती शोभेची. आर५० वर किटची १८-४५ लावली तर १८ भागिले ४.५, चार मिलिमीटर; प्रकाश जवळजवळ सातपट. ५० मिलिमीटर एफ १.८ ची स्वस्त लेन्स लावली तर २८ मिलिमीटर. रांगणाऱ्या पोराचे घरातले फोटो काढायचे तर ब्रिज कॅमेऱ्याचं नावही काढू नये. मग मी माझ्या फोनचा भागाकार केला. फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ लिहिलेली असते: साडेपाच मिलिमीटर, एफ १.८. तोंड तीन मिलिमीटर. किट लेन्सच्या जवळच, आणि फोन खिशात असतो.

तेव्हा चित्र असं झालं. अगदी जवळचं आणि रुंद, ते फोन करतो. अगदी लांबचं आणि बसलेलं, ते ब्रिज करतो. मधलं आणि हलणारं, तिथे अदलाबदलीच्या लेन्सचा छोटा कॅमेरा दोघांना धोबीपछाड देतो. लोक एकमेकांशी वाद घालतात तो याच्यामुळे की प्रत्येकाला वाटतं आपण काढतो तेच फोटो सगळे काढतात. विद्यार्थ्याचं आयुष्य मधल्या आणि हलणाऱ्यात जातं: वरात, हळद, अंतरपाट. माझं तसं नाही. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, तेव्हा लांबच्या थव्यात कोण कोण आहे ते ओळखायचं. मंगोलियात मानेत कोडचे पट्टे घातलेले पट्टकदंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत, असा एखादा कधी पुढ्यात आलाच तर पट्ट्यावरची अक्षरं वाचायची. उडत्या सुरयाचा फोटो सुंदर असतो, हे मान्य. तो माझ्या भिंतीवर लावायला चालेल, माझ्या यादीला त्याचा उपयोग नाही.

आरएक्स१० मार्क फोर मिळाला असता तर कदाचित हा सगळा तिढा पडला नसता. त्याचा फोकस जलद, तोंड ५५ चं, सेन्सर पी९५० च्या चौपट. पण तो २०१७ चा, आणि मला नवाकोरा, बिलासकट, भारतातल्या वॉरंटीचा कुठेच मिळेना. जुना घ्यायचा धीर झाला नाही, कारण जुन्या ब्रिज कॅमेऱ्याचा झूम किती वेळा आत-बाहेर झालाय हे कुठे लिहिलेलं नसतं.

खरेदीला पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईला गेले. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं एकाला एक लागून आहेत. एका दुकानात पहिलाच प्रश्न, "बिलाचा दाखवू की विदाउट बिल?" विदाउट बिल म्हणजे बाहेरून आणलेला माल, भारतातली वॉरंटी नाही. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरीही किमतीतला फरक डोळ्यात भरण्यासारखा होता. पण ज्या यंत्रात मोटरवर चालणारी, पुढेमागे होणारी, बदलता न येणारी लेन्स आहे ते वॉरंटीशिवाय घेणं मला पटलं नाही. आर५० ची बॉडी बिघडली तर लेन्स उरते, लेन्स बिघडली तर बॉडी उरते. ब्रिजमध्ये एक गेलं की दोन्ही गेलं. हा त्याचा खरा तोटा आहे, सेन्सरपेक्षा मोठा, आणि मी तो पत्करून घेत होते. म्हणून बिल हवंच.

त्या दुकानदाराने माझा निश्चय मोडायचा प्रयत्नही केला. "मॅडम, आजकाल ब्रिज कुणी घेत नाही. हे बघा, डबल झूम किट, बॅग फ्री." मी म्हटलं, "दोनशे दहाला एफ सात पूर्णांक एक ना? तीस मिलिमीटर." तो माझ्याकडे बघत राहिला. मागच्या काउंटरवरचा म्हातारा गृहस्थ मात्र हसला आणि म्हणाला, "यांना पी९५० दाखव रे." मी झूम पूर्ण बाहेर-आत करून घेतला, आवाज ऐकला, समोरून मोबाइलचा टॉर्च मारून आतल्या काचांवर धूळ बघितली, खोक्यावरचा आणि बुडावरचा सिरियल नंबर जुळवला. आर५०, किटची लेन्स आणि १००-४०० असा जो भाव त्यांनी सांगितला तो याच्या जवळजवळ दुप्पट होता, हेही लिहून ठेवते. १००-४०० बरोबर हूड येत नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. एवढ्या किमतीच्या लेन्सबरोबर प्लॅस्टिकचं एक नळकांडं देता येऊ नये याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

कॅमेरा आता रुळला आहे. डिजिटल झूम मी बंद करून टाकला, तो म्हणजे नुसतं कापून फुगवणं. आयएसओला ८०० चा लगाम घातला. फोकसचा चौकोन सगळ्यात छोटा ठेवते, नाहीतर पक्ष्याऐवजी पुढचं गवत धारदार येतं. डायलवर पक्ष्यांसाठी एक खास खूण आहे, ती मी वापरत नाही. यू वर माझं स्वतःचं सगळं साठवून ठेवलंय. दुसरी बॅटरी घ्यावी लागली, कारण एकीत सकाळ निघते, पण जेमतेम. तांदळाची पिशवी कायम.

पक्ष्यांव्यतिरिक्त एक अनपेक्षित लाभ झाला तो आकाशाचा. चंद्र तर या कॅमेऱ्याचे सगळेच मालक काढतात. मी गच्चीवरून गुरूकडे वळवला आणि एका ओळीत त्याचे चार चंद्र आले. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला दिसले तेच. वर्गात इतकी वर्षं फळ्यावर चार ठिपके काढले, आता फोटो विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने उत्तर पाठवलं, "मॅडम, हे माझ्या सत्तर-दोनशेने नाही येणार." मी त्याला भागाकार पाठवला: त्याच्या लेन्सला २०० वर एफ २.८ म्हणजे ७१ मिलिमीटर, माझ्यापेक्षा मोठं तोंड, नक्की येतील, फोटो कापून मोठा कर. आले त्याला.

मुलगी आता आर५० घेते आहे, ५० मिलिमीटरच्या लेन्ससकट, बाळासाठी. १००-४०० ही घ्यावी का असं विचारत होती. मी म्हटलं, घे, सुट्टीत नांदूरला आलीस की सुरयांचे फोटो तू काढ, पण ती खांद्यावर तूच वाहायचीस.